भरली का?

मी एक जुनी उशी आहे.

नाही, थांबा. उशी म्हणवून घ्यायची मला लाज वाटते. का, ते पुढं कळेल. पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी पाण्याची पिशवी आहे.

हेही धड निघत नाही तोंडातून. माझ्या एका कोपऱ्याला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आहे. ठिगळ लावलेल्या बाईनं पाण्याच्या गोष्टी कुणाला सांगाव्यात?

मी एक जुनी...

मित्रांनो, हे वाक्य माझ्याकडून कधी पुरं होतच नाही. इतर वस्तूंचं बरं असतं. छत्री पावसात छत्री असते आणि कोपऱ्यात टेकवली तरी छत्रीच असते. माझं तसं नाही. हवा भरली की मी उशी, पाणी भरलं की पखाल, आणि काहीच भरलं नाही की कचरा. म्हणून माझी गोष्ट सांगताना त्या त्या वेळी माझ्या पोटात काय होतं, ते मी आधी सांगत जाईन. म्हणजे तुमची फसगत होणार नाही. एकदा माझ्यामुळं माणसांची फसगत झाली आहे.

पोटात सरबत

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. मला कळू लागलं तेव्हा मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसले होते. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन होतं ते. तिथल्या मशीनला माझी तोटी जोडलेली होती. कामगार बटण दाबायचे, ग्लासात संत्र्याचं सरबत पडायचं. "गार हाय, झ्याक हाय," असं म्हणून ते मशीनला शाबासकी द्यायचे. मशीनच्या पोटात मी आहे आणि माझ्या पोटात सरबत आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सरबत संपलं. मला ओढून काढलं आणि मागच्या बाजूला भिरकावलं. भंगारवाला आला. पुठ्ठा त्यानं नीट घडी घालून घेतला. मला मात्र दोन बोटांत धरून त्यानं वर उजेडात पाहिलं. मी बाहेरून चंदेरी, आतून प्लास्टिक, दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले.

"ह्यो माल चालत न्हाई," तो म्हणाला आणि मला परत टाकून निघून गेला.

जो सगळं टाकलेलं घेतो, त्यानंही मला टाकलं. माझी पहिली लाज ती.

तिथून मला उचललं कल्याणनं. तो पॅकिंगला होता. जवळच्याच गावचा, घरी थोडी शेती, एक म्हैस आणि तोंडाला अखंड बडबड. त्याला काही म्हणजे काही टाकवत नसे. त्याच्या घरी तेलाच्या पत्र्याचं कोंबड्यांचं खुराडं होतं आणि फुटक्या बादलीत लावलेला कढीपत्ता घराच्या वळचणीला टेकला होता. त्यानं मला घडी घालून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत कोंबलं.

सुट्टी झाली. गेटवर वॉचमन राधाकृष्ण एकेकाच्या पिशव्या बघून सोडत होता.

"काय कल्याणराव, आज डब्यात चांदी?"

"पिशवी हाय. सरबताची, रिकामी. सायबांना इचारलंय मी."

"म्हंजी कचरा नेताय घरी!" मागच्या रांगेत हशा पिकला. "आन् काय करनार हो तिचं?"

कल्याणच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. त्याला माझ्यात प्यायचं पाणी भरून शेतावर न्यायचं होतं. पण मागं पोरं हसत होती. कॅन्टीनच्या उकिरड्यावरच्या पिशवीतून आपण पाणी पिणार, हे चारचौघांत कसं सांगायचं? एरवी ज्याची टकळी थांबत नसे, तो खाली बघत हळूच म्हणाला,

"उशी करायचीय."

"उशी! झोपा, झोपा. चांदीवर झोपा आता!"

माझं पहिलं नाव असं पडलं. बारसं झालं, पण ते लाजेनं झालं.

पोटात हवा, बाहेर मुंग्या

घरी आल्यावर अश्विनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भंगारवाला आपल्या गल्लीत का येत न्हाई, ते आता कळलं. त्याला वाटतं हितं आपला धंदा आधीच कुनीतरी टाकलाय."

पण हात तिचेच राबले. तिनं मला खाण्याच्या सोड्यानं धुतलं, लिंबू घातलेल्या पाण्यात ठेवलं, चार दिवस उन्हात वाळवलं. घाण गेली. वास नाही गेला. आजही माझं तोंड उघडलं की आधी संत्रं बाहेर येतं, मग बाकीचं. पहिल्या दिवशी कल्याणनं मला फुगवून डोक्याखाली घेतलं आणि दुपारची डुलकी लागते न लागते तोच कान झाडत उठला. मुंग्यांची रांग त्याच्या कानापर्यंत पोचली होती.

मग अश्विनीनं आपल्या जुन्या डाळिंबी पातळाचा मला अभ्रा शिवला. एका टोकाला माझी तोटी बाहेर यावी म्हणून सदऱ्याला करतात तसं मोठं काज केलं. त्या अभ्र्यात मी खरोखर कुणाच्या तरी घरातली दिसू लागले.

कल्याणची मात्र लाज तोवर पार उडाली होती. आल्यागेल्याला तो मला दाखवायचा. "ही बघा थ्री इन वन! हवा भरली, उशी. पानी भरलं, एका जारचं पानी बसतं हिच्यात. आन् भरून उन्हात ठिवली का अंघोळीला गरम पानी. ना गॅस, ना लाईट!" सोयरे आले तरी तेच, लग्नाच्या मांडवात तेच. तो मला पाठीवर झूल घातलेल्या बैलासारखं मिरवायचा. कौतुकाची सवय नसलेल्याला कौतुक झालं की आणखीच अंग चोरावंसं वाटतं. मलाही वाटायचं.

आणि स्नेहललाही. स्नेहल ही त्याची मुलगी. लहानपणी ती माझ्यावर डोकं ठेवून झोपायची, माझ्या पोटात डुचमळणारं पाणी कान लावून ऐकायची. पण आठवीत गेल्यावर मुलांना आईबापाचा आवाज एकाएकी मोठा वाटायला लागतो. कल्याणनं "ही बघा" एवढं म्हटलं, की ती उठून आत जायची.

पोटात काही नाही

स्नेहल शाळेत गाईडमध्ये होती आणि एका तुकडीची नायिका होती. त्या वर्षी तिच्या शाळेचं शिबिर पारनेरच्या बाजूच्या एका डोंगरावर ठरलं. वर देवीचं देऊळ, देवळामागं सपाट माळ, तंबू ठोकायला चांगली जागा. एक रात्र राहायचं. गाईडच्या शिक्षिका पुष्पावती मॅडम सामानाची जुळवाजुळव करत होत्या. मदतीला पालक कोण येणार, असं विचारताच कल्याणनं हात वर केला. नुसता हात वर करून थांबला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

"मॅडम, प्यायच्या पान्याचे जार किती घेताय?"

"दोन. वर देवळाची टाकी आहे, ती वापरायला."

"मग एकच जार घ्या. दुसरा कशाला? आपली थ्री इन वन हाय की! स्नेहल भरून आनंल शाळंच्या नळाला."

मुली एकमेकींकडं बघून हसल्या. स्नेहलनं बुटाच्या नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

निघायच्या सकाळी शाळेच्या नळापाशी रांग होती. स्नेहल मला बगलेत दाबून उभी होती. अभ्रा काढलेला. माझ्या अंगावर अर्ध्या कापलेल्या संत्र्याचं मोठं चित्र आहे, त्यावर तिनं पंजा पसरून ठेवला होता. तिच्या मागं मनवा उभी राहिली. मनवाची आई पुण्याच्या एका बँकेत साहेब होती. मनवाकडं ऑनलाइन मागवलेला कॅन होता, दाबला की ताटलीएवढा चपटा व्हायचा. तिची उशीही तशीच, आकाशी, मुठीत मावणारी. मनवा वाईट मुलगी नव्हती. तिनं सरळ मनानं विचारलं,

"स्नेहल, हे काय आहे? ऑरेंज ज्यूसचं पॅकेट?"

स्नेहलनं संत्र्यावरचा पंजा आणखी पसरला.

"ह्यातून पाणी पिता तुम्ही?"

मित्रांनो, एवढंच. त्या प्रश्नात टोमणा नव्हता. पण लाज वाटून घ्यायला टोमणा लागतोच असं नाही.

"छे!" स्नेहल म्हणाली. "उशी आहे ती."

गेटवर बाप जे बोलला होता, तेच. शब्दसुद्धा तोच. तिला ती गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

"उशी? मग नळाच्या रांगेत?"

"धुवायला आणली होती. राहू दे."

आता उशी म्हटल्यावर ती उशी करणं भागच होतं. स्नेहल रांगेतून बाहेर पडली, वर्गामागं गेली आणि तोटीला तोंड लावून मला फुगवू लागली. घेरी येईपर्यंत फुगवली. मग डाळिंबी अभ्रा चढवला.

पोटात हवा

कल्याण टेम्पोत उभा राहून सामान लावत होता. त्यानं लांबूनच आवाज दिला,

"स्नेहे! भरली का?"

"भरली."

"दे वर!"

"मी ठेवते. तुम्ही तंबू घ्या आधी." तिनं मला स्वतःच्या हातांनी अंथरुणांच्या वळकट्यांखाली सारलं.

भरली. खोटं कुठं होतं त्यात? मी भरलेलीच होते, अगदी तट्ट फुगले होते. मराठी भाषा मोठी गुणाची, पण त्या दिवशी तिनंही मला दगा दिला. पाणी भरतात, हवाही भरतात, राग भरतो, डोळेही भरून येतात. नुसतं 'भरली' म्हटलं की ऐकणारा आपल्याला हवं ते समजतो.

टेम्पो मुरमाच्या रस्त्यानं माळापर्यंत चढला, सामान उतरवलं आणि दुसरं भाडं होतं म्हणून लगेच परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्यायला येणार होता. वर मोबाईलला रेंज नव्हती. ऊन रणरणत होतं. मुलींनी खुंट्या ठोकल्या, दोर ताणले, खिचडी शिजवली. जारचं पाणी खिचडीला गेलं, भांड्यांना गेलं, कुणी तोंडावर मारलं, कुणी पाय धुतले.

"पोरींनो, जपून गं," मॅडम म्हणाल्या.

"वापरू द्या मॅडम, बिनधास्त!" कल्याण म्हणाला. "आपली थ्री इन वन भरून ठिवलीया."

स्नेहल त्याच्याजवळ गेली. "पप्पा, जरा जपूनच वापरायला सांगा ना."

"का गं? तू भरलीस न्हवं?"

इथं बोलायची संधी होती. मी वळकट्यांखालून ऐकत होते. तिचा श्वास आत गेला, थांबला आणि नुसताच बाहेर आला.

"हो," ती म्हणाली.

मग तिनं एक उपाय केला, तो मला तिच्या बाजूनं सांगितला पाहिजे. सगळ्या जेवत असताना तिनं मला हळूच ओढून काढलं आणि देवळामागच्या टाकीकडं धावली. टाकीच्या नळातून भरून घेतलं की कुणाला कळणारच नव्हतं. तिनं नळ सोडला. नळानं एक उसासा टाकला आणि बंद पडला. देवळातला पुजारी ओट्यावरून म्हणाला, "पोरी, कालपासून लाईट न्हाई. मोटार बंद हाय. टाकी कोरडी ठनठनीत." त्याच्याकडं होती ती एक कळशी, आणि तीही सकाळच्या पूजेत रिकामी झालेली.

स्नेहलनं मला पुन्हा वळकट्यांखाली ठेवलं. या वेळी अगदी तळाशी.

दुपार उतरता उतरता जार कोरडा झाला, मुलींच्या बाटल्याही, आणि टाकीत पाणी नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मनवा तंबूच्या सावलीत बसली होती, तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोकं गरगरत होतं. तिच्या ऑनलाइन कॅनमधलं पाणी तिनंच तर खिचडीला देऊन टाकलं होतं. मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मागं वळून म्हणाल्या,

"कल्याणराव, आणा तुमची पिशवी."

ती पिशवी

इथं मी 'मी' म्हणणार नाही. मला ते जमणार नाही. 'ती पिशवी' असं म्हणते.

कल्याणनं वळकट्यांत हात घातला आणि ती पिशवी ओढली. ओढताना तिचं वजन त्याच्या हाताला लागलं असेल, की लागलंच नाही, कोण जाणे. तो बोलण्यात दंग होता. "या, या, रांग करा. आधी मनवाला. ओंजळ धर बाळा." सगळ्या मुली गोल उभ्या राहिल्या. त्यानं ती पिशवी मांडीवर घेतली, अभ्र्याच्या काजातून तोटी बाहेर ओढली, मनवाच्या ओंजळीवर धरली आणि मोठ्या थाटात तोटी फिरवली.

फुर्रर्रर्रर्र.

असा आवाज झाला की विचारू नका. ज्या आवाजावर वर्गातली मुलं आठवडाभर हसतात, तो आवाज. लांबलचक, थरथरता, संपता संपेना असा. पिशवी त्याच्या मांडीवर हळूहळू बसत गेली आणि संत्र्याचा वास सगळ्या माळावर पसरला.

आधी हशा फुटला. मुली पोट धरून हसल्या. मग मनवाची ओंजळ तशीच रिकामी पुढं धरलेली दिसली आणि हसू एकेकीच्या तोंडावरून उतरलं.

"हे काय, कल्याणराव?"

कल्याणनं तोटी उलटी करून पाहिली. पिशवी दाबली. तिच्यातून आणखी एक छोटा फुर्र निघाला.

"पण काका," मनवा म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "ती उशीच आहे ना? सकाळी स्नेहल म्हणाली."

कल्याणनं मान वर केली. स्नेहल गोलाच्या बाहेर, तंबूचा दोर मुठीत धरून उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही पाहिलं. आपण कुठं चुकलो ते शोधावं तसं पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "उशीच हाय. मीच तिला म्हनलो, फुगवून आन. पानी भरायचं माझ्याच ध्यानात न्हाई राह्यलं."

मॅडम मग बोलल्या. बोलणारच. "तुमच्या शब्दावर मी एक जार कमी घेतला! लोकांच्या लेकी आहेत ह्या. धरण उशाला अन् कोरड घशाला ऐकलं होतं. इथं उशीच धरण निघाली, आणि तीही कोरडी!"

"चूक झाली मॅडम."

सदा बोलणारा माणूस तेवढंच बोलला. मॅडमच्या पिशवीत दोन काकड्या होत्या, त्या मनवाला चघळायला दिल्या आणि तिला देवळाच्या गार ओवरीत नेऊन निजवलं. कल्याणनं ती पिशवी अभ्र्यासकट खांद्यावर टाकली आणि पायवाटेनं डोंगर उतरू लागला. स्नेहल दोर सोडून दोन पावलं त्याच्यामागं गेली आणि तिथंच थांबली.

पोटात पाणी

पायथ्याच्या वाडीत एक हापसा होता. तिथं बनुबाई नावाची म्हातारी हंडा भरत होती. तिनं मला वरून खालून न्याहाळलं.

"हे काय चमाकतंय रं?"

"पिशवी हाय मावशी. वर पानी न्यायचंय. शाळंच्या पोरी हायेत."

"शाळंनं पोरी वर नेल्या आन् पानी खाली ठिवलं व्हय? लई हुशार शाळा!"

"शाळंचं काय न्हाई. माझीच चूक हाय."

"संत्र्याचा वास मारतोय हिला." ती नाक वर करून हसली. "पर सोच्छ हाय. तू तोंड धर, मी हापसते."

पाणी माझ्या पोटात शिरलं. मित्रांनो, आतून गार होत जाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी जाणलं. माझे कोपरे ताठ झाले, संत्र्याचं चित्र गोल गरगरीत झालं.

"भरली का रं?" बनुबाईनं विचारलं.

कल्याणनं आधी दोन्ही हातांनी मला उचललं, वजन पाहिलं, मग म्हणाला, "भरली."

हे उचलून पाहणं त्यानं तिथं सुरू केलं. पुढं ते लवकर सुटलं नाही.

त्यानं मला अभ्र्यात घातलं, अभ्र्याची टोकं टॉवेलाला बांधली आणि पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेवर तो एका खडकावर टेकला. धाप लागली होती. घाम अभ्र्यात उतरत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून तो माझ्याशीच बोलला.

"गेटवर मी बी उशीच म्हनलो व्हतो. व्हय ना?" थोडं थांबून म्हणाला, "तुझं पानी पिताना मला कदी लाज न्हाई वाटली बघ. सांगताना वाटली. पोरगी माझ्यावरच गेली."

मग उठला आणि चालू लागला.

आम्ही माळावर पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. मुलींनी त्याला लांबूनच पाहिलं. डाळिंबी पातळातलं गाठोडं पाठीवर घेऊन वाकून चढणारा माणूस पाहून कुणीतरी ओरडलं, "फुर्रकाका आले! फुर्रकाका!" बाकीच्यांनी ते उचललं. त्यात वाईट भाव नव्हता, उलट आनंदच होता. पण नाव पडलं ते पडलं.

आधी मनवाला पाणी दिलं. ती सावकाश प्यायली, डोळे मिटून. मग म्हणाली, "काका, संत्र्यासारखं लागतंय!" मग रांगेनं एकेक ओंजळ पुढं आली. प्रत्येक मुलगी पिऊन झाल्यावर तोंडानं फुर्र करायची आणि हसायची. कल्याणही हसत होता. नेहमीसारखा मोठ्यानं नव्हे.

रांगेत शेवटी स्नेहल होती. तिनं ओंजळ धरली. कल्याणनं तोटी फिरवली. पाणी तिच्या ओंजळीत पडलं, भरलं, कडेनं सांडू लागलं. ती पीत नव्हती.

"पी की गं," मॅडम म्हणाल्या. "बापानं चूक केली, पण निस्तरलीही."

"फुर्रकाकांची मुलगी," कुणीतरी मागून हळूच म्हणालं आणि खुदकन हसलं.

"मी भरली होती," स्नेहल म्हणाली.

"काय?"

"हवा. मी भरली होती. पप्पांनी पाणीच भरायला सांगितलं होतं." ओंजळ तशीच पुढं, पाणी बोटांतून गळत होतं. "मनवानं विचारलं, ह्यातून पाणी पिता का. आम्ही पितो. रोज पितो. मला सांगायची लाज वाटली."

कल्याणनं तोटी फिरवून बंद केली.

"पानी सांडतंय," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "पी आधी."

ती प्यायली.

मॅडम कल्याणजवळ आल्या. "मी तुम्हाला उगाच बोलले हो."

"न्हाई मॅडम. तो जार कमी करायचं मी म्हनलो व्हतो. तेवढी माझीच हाय."

"स्नेहल," मॅडम वळून म्हणाल्या, "उद्या उजाडता उजाडता खाली जायचं. हापशावरून सकाळचं पाणी तू आणायचं. सगळ्यांचं."

"मी पण जाते तिच्याबरोबर," मनवा देवळाच्या भिंतीला टेकून म्हणाली. "माझा कॅन नुसता चपटा होऊन बसलाय."

फुर्रकाका हे नाव त्याच संध्याकाळी मिटलं. त्याच्या जागी फुर्रताई आलं आणि ते दहावीपर्यंत टिकलं. स्नेहल त्या हाकेला ओ द्यायची.

पोटात काय आहे

चूक कबूल केली की सगळं पहिल्यासारखं होतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. मी घरात खुंटीवर टांगलेली असते, मला सगळं दिसतं. तसं होत नाही. शिबिरानंतर कल्याण कधी रागावला नाही, टोचून बोलला नाही. फक्त शेतावर निघताना तो "भरली का?" असं विचारेनासा झाला. गुमान यायचा, स्नेहलनं भरून ठेवलेल्या मला दोन्ही हातांनी उचलून वजन बघायचा, मग निघायचा. स्नेहल दारात उभी असायची. दर वेळी तिची मान खाली जायची. आणि माझीही, मला मान नसली तरी.

असं बरंच चाललं. माझा एक कोपरा झिजला, थेंब थेंब गळू लागला. अश्विनी म्हणाली, आता टाका हिला. स्नेहलनं ऐकलं नाही. तिनं सायकलच्या पंक्चरचं सामान आणलं, कोपरा घासला, ठिगळ चिकटवलं आणि रात्रभर त्यावर पाटा ठेवला.

आता ती बारावीला आहे. गेल्या शुक्रवारी कल्याणला घोडेगावच्या बाजाराला जायचं होतं, म्हैस बघायला. पहाटे टेम्पो दारात उभा राहिला. स्नेहलनं मला नळाला लावलं, भरलं, अभ्रा चढवला आणि मागं दोरीनं बांधलं. कल्याण पुढच्या सीटवर चढला. मी वाट बघत होते. आता तो उतरेल, मागं येईल, मला उचलून बघेल.

त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"स्नेहे! भरली का?"

तिनं दोरीची गाठ पुन्हा एकदा आवळली. किती दिवसांनी विचारलं होतं.

"भरली, पप्पा. पाणी."

"बरं," तो म्हणाला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला."

उतरला नाही. बघितलं नाही. टेम्पो हलला आणि मी माझं ठिगळ जिवाच्या आकांतानं आवळून धरलं. घोडेगाव येईपर्यंत एक थेंब सांडू दिला नाही.

म्हणून मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला छत्र्या आणि कंदील सांगतीलच. मी निराळं मागते. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी, वास मारणारी, कुणाला दाखवायला नको वाटणारी वस्तू असेल आणि कुणी विचारलं, "ह्यातून पिता तुम्ही?" तर हो म्हणा. लाजत म्हणा, पण हो म्हणा. आमचं नाव चोरू नका. नाव चोरलं की पाणीही जातं.

आता माझं पहिलं वाक्य एकदाचं पुरं करते.

मी एक जुनी, ठिगळ लावलेली, संत्र्याच्या वासाची पाण्याची पिशवी आहे. पोटात पाणीच आहे. हवं तर उचलून बघा.